यादीतली तेविसावी ओळ

माझ्या हुद्द्याचं नाव प्रॉडक्ट ओनर. नावात मालकी आहे, पण माझ्या मालकीचं त्यात काही म्हणजे काही नाही. काम एकच, यादी सांभाळायची. आमचं सॉफ्टवेअर वापरणारे लोक काय काय मागतात ते लिहून घ्यायचं आणि टीमने दर दोन आठवड्यांत त्यातलं काय आधी करायचं, काय नंतर, ते ठरवायचं. टीममध्ये मला ‘यादीबाई’ म्हणतात. गोड बोलून ‘नाही’ म्हणता येणं हा माझा मोठा गुण, असं आमचे साहेब चारचौघांत सांगायचे आणि मी मान खाली घालून ऐकायचे. मान खाली, पण कान टवकारलेले.

त्या वर्षी आम्ही ॲप करत होतो ते एका नर्सिंग कंपनीच्या, घरोघरी जाऊन मलमपट्टी करणाऱ्या नर्सेससाठी. जखम धुतली, नवी पट्टी बांधली, की नर्सने ॲपमधूनच त्या पट्टीचा फोटो काढायचा आणि ‘भेट पूर्ण’चं बटण दाबायचं. माझी सख्खी ताई त्याच कंपनीत नर्स होती. हॉस्पिटलात बावीस वर्षं काढून तिने मुद्दाम हे काम घेतलं होतं. “वॉर्डात पेशंट म्हणजे खाटेचा नंबर. घरी गेलं की माणूस भेटतो,” असं तिचं म्हणणं.

कामावरून परतताना चालता चालता ती मला रोज फोन करायची. तिचे निम्मे पेशंट जुन्या इमारतींच्या तळघरांत राहायचे. त्यातले एक निवृत्त घड्याळजी, त्यांच्या पायाची जखम सहा महिने भरत नव्हती.

“अगं, तुझं ते ॲप तळघरात मान टाकतं,” ती एकदा म्हणाली. “खाली नेटवर्क नाही. फोटो काढते, बटण दाबते, चक्र फिरत राहतं आणि फोटो गायब. वर रस्त्यावर येऊन पाठवावा तर पाठवायला काही उरतच नाही. काय करू, घड्याळजींचा पाय घेऊन येऊ वर?”

मी हसले. “यादीत टाकते,” म्हटलं.

टाकलंही. ‘नेटवर्क नसताना फोटो फोनमध्ये साठवणे.’ आमच्याकडे क्रम लागायचा तो किती जणांची तक्रार आहे यावर. ही तक्रार एकटीची, म्हणून ओळ तेविसावी लागली. नियम काही दगडावरची रेघ नव्हता, ओळ वर घ्यायचा अधिकार माझाच होता. पण उद्या कुणी ‘आपला तो बाब्या’ म्हणालं असतं तर? बहिणीचं काम आधी घेतलं, असं मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी स्वतःला निःपक्षपाती समजत होते आणि त्या समजुतीचा मला भारी अभिमान होता. पुढच्या चार महिन्यांत ताईने तीच अडचण मला निदान दहा वेळा सांगितली. मी दहाही वेळा “यादीत आहे गं” म्हटलं.

आमच्या टेस्टरला आम्ही शंकासुर म्हणायचो. पोटात शंका राहिली तर त्याला जेवण पचत नाही.

“एकच तक्रार?” त्याने एका बैठकीत विचारलं. “एवढी तळघरं आहेत शहरात, आणि अडचण एकीलाच?”

“आकडे तसं सांगतात.”

“त्या बाईंबरोबर एक दिवस फिरून येऊ या का? काम करताना बघू तरी.”

“वेळ कुठाय?” मी म्हणाले. वेळ होता. आमची दोघींची नाकं एका साच्यातली, त्याने बघताक्षणी ओळखलं असतं, ही खरी गोष्ट होती. आज लिहितानाही लाज वाटते.

त्या काळात यादीच्या पहिल्या ओळीवर मी घेतला होता नर्सिंग कंपनीच्या साहेबांना हवा असलेला तक्ता. प्रत्येक नर्सची एक ओळ, पूर्ण भेट हिरवी, अपूर्ण भेट लाल. एका नजरेत सगळा कारभार. तो आम्ही वेळेत दिला. मी उभं राहून तो समजावून सांगितला तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या. लाल खुणांच्या ओळीत कुणाचं नाव आहे हे मी पाहिलंही नाही.

तीन आठवड्यांनी भाऊजींचा फोन आला. “तुझ्या ताईला कामावरून कमी केलं. तुला सांगू नका म्हणाली होती, पण मला राहवेना.”

तिच्या चाळीस भेटी लाल होत्या. नेटवर्कचं तिने तिथेही सांगितलं. तेव्हा तिच्या वरच्या बाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि म्हणाल्या, “बाकी सगळ्यांच्या हिरव्या आहेत. तळघरं त्यांनाही आहेतच की.” स्क्रीनवर माझा तक्ता होता.

मी ताईला फोन केला. तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता त्या कंपनीच्या दुसऱ्या एका नर्सबरोबर निघाले. चार महिन्यांपूर्वी करायचं काम. पहिलंच घर तळघरातलं. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली, पिशवीतून पट्टी काढून स्वतःच्या डाव्या हाताला गुंडाळली, फोटो काढला, बटण दाबलं. मग पट्टी सोडून खाली निघाली.

“हे काय?” मी विचारलं.

“खाली फोटो जात नाही ना, मॅडम. आम्ही सगळ्याच असं करतो.” ती चकित झाल्यासारखी दिसली. “तुम्हाला माहीत नव्हतं?”

ऑफिसात परत येऊन मी शंकासुराला शेजारी बसवलं आणि साठवलेले, पण आजवर कुणीच न पाहिलेले फोटो उघडले. पाय थोडे, हातच जास्त. एका मनगटावर तेच घड्याळ तीस वेळा. एका अंगठ्यावर तोच भाजल्याचा डाग. सगळ्या भेटी हिरव्या.

“यांनी तक्रार कशाला करावी?” तो हळूच म्हणाला. “यांचं भागत होतं. जिने असं केलं नाही, तिचीच तेवढी तक्रार आली.”

“ती माझी ताई आहे,” मी म्हटलं.

त्याने उघडलेले फोटो बंद केले. “काखेत कळसा,” एवढंच म्हणाला आणि उठून गेला.

तेविसावी ओळ पहिली केली. काम नऊ दिवसांत झालं. नऊ! बैल गेला आणि झोपा केला. दोन्हीकडच्या साहेबांना मी काही न लपवता सांगितलं. कंपनीने ताईला माफीचं पत्र पाठवलं आणि परत बोलावलं. ती गेली नाही. तोवर तिने एका चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली होती.

मी तिच्या घरी गेले. ती भाजी निवडत बसली होती. मी समोर बसून देठ मोडू लागले.

“ताई, जा ना परत. आता चालतं ते तळघरात.”

“चालत असेल.”

“बाकीच्या हाताचे फोटो पाठवतात, हे तुला माहीत होतं?”

“होतं की.”

“मग सांगायचंस ना मला!”

“आणि त्यांच्या पोटावर पाय द्यायचा?” तिने निवडलेली भाजी चाळणीत टाकली. “त्यांना घरदार आहे. मी माझ्यापुरतं सांगत होते. म्हटलं, आपली धाकटी तिथे बसलीय, ऐकेल.”

मला रडू आलं. तिने ओल्या हातानेच माझा खांदा थोपटला. “जाऊ दे गं. जेवून जा,” म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

याला आता वर्ष झालं. फोन ती अजूनही करते, संध्याकाळी, चालता चालता. माझ्या तब्येतीचं विचारते, भाऊजींचा खोकला सांगते, ऊन किती होतं ते सांगते. मी दर वेळी विचारते, दुकानात कसं चाललंय, काही अडचण आहे का, काही खटकतं का. हल्ली मला हे प्रश्न छान विचारता येतात, ऑफिसात नव्या मुलांना मी ते शिकवतेसुद्धा.

“काही नाही गं,” ताई म्हणते. “सगळं छान आहे.”