वरीलप्रमाणे

नळीचं टोपण करंगळीच्या पेराएवढं असतं. पांढरं, मऊ प्लास्टिकचं, आतून एक बारीक कड असलेलं. ती कड नळीच्या काठात बसली की हलकासा 'टक्' आवाज होतो, आणि तिथून पुढे नळीतल्या हवेचा बाहेरच्या हवेशी काही संबंध राहत नाही. टोपण काढलं की नळी कामाला लागते. सात सेंटिमीटरची नळी, तोंड खाली करून खांबाला लटकवलेली, वरच्या टोकाला औषधात भिजवलेली जाळी. रस्त्यावरचा धूर महिनाभर कणाकणाने वर चढतो आणि जाळीला चिकटून बसतो. मग नळी उतरवायची, टोपण लावायचं, प्रयोगशाळेत पाठवायची. जाळीवर किती साठलं ते प्रयोगशाळा मोजते आणि नळी जितके तास उघडी होती त्या तासांनी भागते. तास मात्र तिला कुणीतरी सांगावे लागतात. तक्ता भरणारा माणूस ते सांगतो.

तक्ता ती भरायची. नवी इमारत बांधायची तर परवानगीच्या अर्जासोबत त्या जागच्या हवेचा अहवाल जोडावा लागतो. असे अहवाल करून देणाऱ्या एका लहानशा कचेरीत तिची सोळा वर्षं गेली होती. घरात थोरली बहीण तिला मोजपट्टी म्हणायची. चहात साखर किती म्हटलं तर ही ग्रॅममध्ये सांगेल, असं भावजी पाहुण्यांना सांगायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

तक्त्यात बारा ओळी असत, बारा नळ्यांच्या. पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ लिहायची, खालच्या अकरा ओळींत 'वरीलप्रमाणे'. सगळ्या नळ्या एकाच सकाळी लागतात, त्यामुळे यात कुणाला काही वावगं वाटत नसे. शिडीवर एका हाताने लिहिणं जिवावर येतं म्हणून ती हे अकरा शब्द निघण्यापूर्वी कचेरीतच लिहून टाकायची. काढलेली टोपणं जाकिटाच्या डाव्या खिशात जायची. शेवटी ती मोजायची. बारा भरली की काम झालं.

चार वर्षांपूर्वी एका मोठ्या चौकात, जिथे सहा मजली इमारत व्हायची होती, ती दुसऱ्या महिन्याच्या नळ्या लावत होती. चार नंबरचा खांब ऐन सिग्नलपाशी होता, म्हणून तो तिने गर्दी ओसरेपर्यंत मागे ठेवला होता. शिडीवर चढून तिने नळी चिमट्यात अडकवली आणि फोन वाजला. ताई होती. अप्पा, दोघींचे वडील, जिन्यावरून पडले होते.

पुढचे बारा दिवस रुग्णालयाच्या बाकावर गेले. अप्पांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि पडताना डोक्यालाही मार लागला होता. तेराव्या दिवशी सकाळी किल्ल्या शोधताना तिचा हात जाकिटाच्या खिशात गेला. उभ्या उभ्या तिने टोपणं मोजली. अकरा. परत मोजली. ती तशीच चौकात गेली, कडेच्या दुकानातून शिडी मागून घेतली आणि वर चढली. बारावं टोपण चार नंबरच्या नळीवर व्यवस्थित बसलेलं होतं. ते तिने काढलं. टक्.

आता तक्त्यातल्या चौथ्या ओळीतला 'वरीलप्रमाणे' खोडून तिथे त्या दिवशीची तारीख घालायची होती, एवढंच. दहा सेकंदांचं काम. तक्ता कचेरीत होता, अप्पांना त्याच दुपारी घरी न्यायचं होतं, आणि तिच्या डोक्यात तेव्हा पायखान्याच्या खुर्चीचं माप होतं. महिना भरल्यावर नवी टोपणं घेऊन नळ्या उतरवायला दुसरंच कुणी गेलं. तिला आठवलं तेव्हा तक्ता नळ्यांसोबत प्रयोगशाळेत पोचलेला होता.

आकडे आले. चार नंबरचे तीन महिने: त्रेचाळीस, सत्तावीस, पंचेचाळीस. मर्यादा चाळीसची. नळी अठरा दिवस उघडी असताना तीस दिवसांनी भागलं होतं, हे तिला सत्तावीस वाचताक्षणी कळलं. खरा आकडा तिने मनातल्या मनातच काढला. पंचेचाळीस.

कचेरीचे प्रमुख गोल चेहऱ्याचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. कुठलीही अडचण सांगा, "सरासरीत बसेल" म्हणायचे, म्हणून माघारी सगळे त्यांना सरासरीसाहेब म्हणत. त्यांनी सत्तावीसवर बोट ठेवलं आणि हे काय म्हणून विचारलं. तिने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनीच उत्तर दिलं, वाऱ्याचा महिना होता, नाही का.

"असेल," ती म्हणाली.

तीन महिन्यांची सरासरी अडतीस निघाली. चव्वेचाळीस निघाली असती तर तळमजल्याच्या रस्त्याकडच्या खिडक्या कायमच्या बंद ठेवून घरांत गच्चीवरून हवा आणावी लागली असती. अडतीसला तसलं काही लागत नाही. परवानगी मिळाली, इमारत उभी राहिली, तळमजल्याला रस्त्याकडे छान रुंद, उघडणाऱ्या खिडक्या आल्या.

अप्पांना आता जिना चढवत नव्हता. ताई-भावजी तळमजल्याचं घर शोधत होते आणि नेमकं त्यांना तिथलंच मिळालं. भावजींनी तिला विचारलं होतं, "तू मोजलंयस ना गं इथलं? कशी आहे हवा?"

"अहवाल मंजूर झालाय," असं ती म्हणाली. भावजींनी त्याचा अर्थ कुणीही घेईल तोच घेतला.

अप्पांची खाट खिडकीशी लागली. खिडकीतून चार नंबरचा खांब दिसायचा, चिमट्याची खूण अजून त्याच्यावर होती. दर रविवारी ती यायची, चपला काढायची आणि आधी खिडकी लावायची. ताई म्हणायची, आली बाई आमची मोजपट्टी, आता आम्ही उकडून मरणार. अप्पा कुरकुरायचे.

"उघड गं. काचेमागे माणसं मुकी वाटतात."

मग ती उघडायची. चौकटीवरची काजळी ओल्या बोळ्याने पुसायची. बोळा काळा व्हायचा, पुढच्या रविवारी पुन्हा काळा. अप्पांच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघायची आणि वहीत लिहायची. पहिल्या वर्षी पंच्याण्णव, गेल्या वर्षी ब्याण्णव, या हिवाळ्यात एकोणनव्वद. वहीत ती 'वरीलप्रमाणे' कधी लिहीत नसे. लिहिण्यासारखं कधी झालंच नाही.

हिवाळ्यातच डॉक्टरीणबाईंनी ताईला विचारलं, घरात कुणी सिगारेट ओढतं का? ताईने ते तिला हसत हसत सांगितलं. चोरून ओढत असतील बघ अप्पा, ह्या वयात, खाटेवरून उतरून. तीही हसली. नंतर न्हाणीघरात जाऊन ती बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. सांगायचं, आज सांगायचं, असं ठरवून बाहेर आली, तर ताई अप्पांची पाठ चोळत होती. एका हाताने चोळता चोळता दुसऱ्याने तिला चहाचा कप दाखवत होती, निवतोय म्हणून. तो रविवार तसाच गेला. पुढचेही गेले.

मग शेजारच्या भूखंडाचा अर्ज आला. आठ मजले, तळाला चाळीस मुलांचं पाळणाघर. नव्याने मोजायला वेळ नाही, जवळची जुनी मापं आहेतच, ती चालतील, असं सरासरीसाहेबांनी ठरवलं आणि तिच्या टेबलावर सहीसाठी पानं ठेवली. नकाशात पाळणाघराच्या खिडक्या रस्त्याकडे काढलेल्या होत्या. प्रत्येक खिडकीखाली छोटे आयत होते. ते पाळणे होते, हे तिला खालची टीप वाचल्यावर कळलं.

ती साहेबांच्या खोलीत गेली आणि दार लावून तिने सगळं सांगितलं. फोन, टोपण, बारा दिवस. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"हे तू मला सांगितलेलं नाहीस," ते म्हणाले. "एक लक्षात घे. ही फाइल उघडलीस तर सोळा वर्षांतल्या तुझ्या हातच्या सगळ्या फायली उघडतील. तुझ्या हाती परत कुणी नळी देणार नाही. आणि तुझ्या बहिणीच्या घराचं काय होईल, तेही बघ. खिडक्यांना खिळे ठोकतील."

धमकी देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी फक्त बेरीज मांडली होती, आणि ती बरोबर होती. तिने सही केली.

परवानगी देणाऱ्या समितीची बैठक बुधवारी अकराला होती. लांबट खोली, हिरवं कापड घातलेलं टेबल, भिंतीशी रहिवाशांसाठी खुर्च्यांच्या दोन रांगा. दुसऱ्या रांगेत ताई बसली होती. नव्या इमारतीने आपल्या दारातली गाड्यांची जागा जाईल, त्यासाठी भांडायला आली होती. धाकटीला बघून तिने भुवया उडवल्या, शेजारच्या बाईंना कोपराने ढोसलं आणि ती बघा आमची, अशी मानेने खूण केली. त्या सकाळी अप्पांचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता. तो ताईनेच फोनवर कळवला होता, तुझ्या वहीत लिही म्हणून.

पाणी झालं, सांडपाणी झालं, अग्निशमन झालं. चिटणीस भराभर लिहीत होते. मागच्या इमारतीच्या नोंदींखाली नव्या इमारतीच्या नोंदी, एकाच तक्त्यात.

"हवा," चिटणीस म्हणाले. "मापं पूर्वीचीच आहेत ना? मग वरीलप्रमाणे लिहितो."

त्यांनी विचारलं नव्हतंच, लिहायला सुरुवात केली होती. लेखणीने 'व' काढून झाला होता. सरासरीसाहेबांनी मान हलवली. तिचा डावा हात जाकिटाच्या खिशात होता. चार वर्षांपूर्वीचं ते टोपण तिने कधी टाकलं नव्हतं.

"लिहू नका," ती म्हणाली.

आवाज फार लहान आला. चिटणिसांनी कानामागे हात धरला. साहेब तिच्याकडे न बघता हलकेच म्हणाले, राहू दे. ती उभी राहिली आणि टोपण हिरव्या कापडावर ठेवलं. बोलताना तिने अध्यक्षांकडे बघितलं नाही, भिंतीशी असलेल्या दुसऱ्या रांगेकडे बघितलं.

"चार नंबरची नळी बारा दिवस बंद होती. हे टोपण मी काढलं नव्हतं, आणि नंतर तारीखही बदलली नाही. त्या चौकातला खरा आकडा अडतीस नाही, चव्वेचाळीस आहे. मला चार वर्षं माहीत होतं, ताई." ताईच्या भुवया अजून वरच होत्या, खाली यायच्या राहिल्या होत्या. "हा अहवाल मी मागे घेते. पहिलाही."