सत्ताविसाव्या पायरीनंतरचा बाक

मित्रांनो, मी जिन्यातला एक जुना बाक आहे. बागेतला नाही, स्टेशनावरचा नाही, शाळेतला तर नाहीच. बागेतल्या बाकावर लोक हौसेने बसतात. माझ्यावर बसतात ते गरज पडली म्हणून, आणि त्याचा मला फार अभिमान आहे. आमची इमारत तळमजला धरून चार मजल्यांची. लिफ्ट नाही. खालपासून वरच्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या, आणि सत्ताविसावी पायरी चढून आलात की जिना वळतो. त्या वळणावर, खिडकीला लागून, मी आहे.

माझ्या जन्माची गोष्ट मोठी गमतीची आहे. आमच्या इमारतीचा नकाशा एका आर्किटेक्ट ताईंनी काढला. पण कागदाला पेन्सिल लावण्याआधी त्या काय करत होत्या, तर शेजारच्या एका इमारतीच्या जिन्यात आठवडाभर नुसत्या बसून होत्या. तिथल्या लोकांना वाटलं, कोणाची तरी वाट बघते आहे बिचारी. एका आजोबांनी तर त्यांना पाणीसुद्धा आणून दिलं. ताई बघत होत्या, की माणसं चढताना कुठे थांबतात. त्यांच्या लक्षात आलं, की बहुतेक सगळे एकाच वळणावर थांबतात आणि आपण थांबलो असं एकही जण कबूल करत नाही. कोणी पिशवीत हात घालून किल्ली शोधतो. कोणी चपलेचा पट्टा नीट करतो. कोणी भिंतीवरची पाटी वाचत उभा राहतो. आता त्या पाटीवर ‘थुंकू नये’ एवढंच लिहिलेलं होतं, ते वाचायला काही तीन मिनिटं लागत नाहीत.

म्हणून ताईंनी नकाशात वळण रुंद केलं आणि तिथे मला आखलं. जिना बांधून झाला, तरी कंत्राटदारांना काही ते पटेना.

“ताई, जिना चढायला असतो, बसायला नाही,” ते म्हणाले. “एवढ्यात एक छान कपाट बसेल.”

ताईंनी वाद घातला नाही. भाजीने भरलेल्या दोन पिशव्या त्यांच्या हातात दिल्या आणि वर नेऊन ठेवायला सांगितलं. कंत्राटदार तरातरा निघाले, सत्ताविसाव्या पायरीनंतर थांबले आणि खिशात रुमाल शोधू लागले. शेवटी कंत्राटदारच हसले आणि म्हणाले, “बरं, लावा तुमचा बाक. पण ही खिडकी कशाला?”

“दमलो म्हणून बसायची माणसाला लाज वाटते,” ताई म्हणाल्या. “खिडकी असली की बाहेर बघत बसलो असं म्हणता येतं.”

मग आले सुतारमामा. तोंडाने फटकळ, पण हाताने देवमाणूस. त्यांनी वळणावर विटा रचल्या, वर फळी टाकली आणि जो येईल त्याला धरून बसवायला सुरुवात केली. “बसा. उठा. परत बसा.” रंगारी तर वैतागून म्हणाला, “मामा, मी रंग द्यायला आलोय का उठाबशा काढायला?” पण मामा ऐकतात कसले! बाक फार उंच झाला की पाय लोंबकळतात आणि फार खाली गेला की उठताना तोंडातून ‘आई गं’ निघतं. ज्या उंचीवरून म्हातारी माणसंसुद्धा मुकाट्याने उठली, ती उंची त्यांनी धरली. जमिनीपासून बरोबर अठरा इंच. मला पाय नाहीत बरं का. मी दोन इंच जाडीची सागवानी फळी, आणि भिंतीत गाडलेल्या लोखंडी आधारांवर बसलेली.

तेव्हापासून चाळीस वर्षं मी या माणसांचं खाल्लेलं नसलं तरी त्यांच्यावरच जगलो आहे. माझ्यावर टपाल वाटणाऱ्याने पत्रं लावली. नव्या सुनेला नववा महिना लागला तेव्हा ती चढताना एकदा आणि उतरताना एकदा टेकायची, आणि तिचे सासरे शेजारी उभे राहून उगाचच हवामानावर बोलायचे. दुसऱ्या मजल्यावरचे दोन सख्खे भाऊ तीन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एके दुपारी दोघांनाही एकाच वेळी दम लागला. बाक एकच. आधी दोघांनी खिडकीबाहेर बघितलं, मग एकाने विचारलं, “तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतंय?” झालं, सुटली गाठ. लोकांना वाटतं मी त्यांना आधार दिला. खरं सांगू? कोणी विश्वासाने आपलं सगळं ओझं आपल्यावर टाकतं, याहून मोठं भाग्य लाकडाला कुठे मिळतं!

आणि माझं सगळ्यात मोठं भाग्य म्हणजे भूगोलबाई. त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. वयाची पंच्याहत्तरी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी बाई रोज खाली जाणार म्हणजे जाणार. जाताना पाच मिनिटं माझ्यावर, येताना दहा. येतानाच्या त्या दहा मिनिटांत पोरं त्यांना घेरायची. वारा कुठून येतो, समुद्र खारट का, असे प्रश्न विचारायची, आणि ज्याचं उत्तर येत नसे तिथे बाई चक्क म्हणायच्या, “बघून सांगते.” शिक्षकाने असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मग मागच्या वर्षी जिन्याला नवी फरशी बसली. आमचे सेक्रेटरी काका मनाने फार चांगले. जुनी फरशी उखडायची तर महिनाभर ठोकठोक आणि धूळ, आणि इमारतीत दोन तान्ही बाळं. म्हणून त्यांनी युक्ती काढली. जुन्या फरशीवरच सिमेंटचा माल पसरून नवी फरशी चढवायची. खालच्या दारापासून वरच्या मजल्यापर्यंत सगळीकडे सारखी. आठ दिवसांत काम फत्ते. जिना असा चकाकू लागला, की सगळ्यांनी काकांची पाठ थोपटली. मीसुद्धा मनातल्या मनात थोपटली.

पण त्यानंतर बाईंचं काहीतरी बिनसलं. माझ्यावर बसल्या की त्यांना उठवेना. खिडकीची चौकट धरून, दोनदा झोके घेऊन, तोंडाने ‘आई गं’ म्हणत त्या उठायच्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला, तेल दिलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, पण तेव्हा हे ना त्यांना कळलं ना मला. एक दिवस त्या माझ्यावर पाऊण तास अडकून बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बाई खिडकीतून बघत बसल्या आहेत. हाक मारायची बाईंना लाज वाटली. लाज झाकायला ठेवलेल्या त्या खिडकीने त्या दिवशी त्यांची अडचणही झाकली. शेवटी दूधवाला आला, त्याला म्हणाल्या, “अरे, जरा हात दे, पायाला मुंग्या आल्यात.”

दुसऱ्या दिवसापासून बाई खाली आल्याच नाहीत. आठवडा गेला, महिना गेला. पोरं दोनचार दिवस वाट बघून पांगली. मी मनाशी म्हणायचो, गुडघे गेले हो बाईंचे. त्यासुद्धा वरती एकट्या बसून तेच म्हणत असणार.

मग एका रविवारी सकाळी त्यांचा मुलगा आला. परगावी नोकरीला असतो. आईवर जीव आहे त्याचा. त्याने निर्णय घेतला होता, की घर बंद करायचं आणि आईला कायमचं आपल्याकडे न्यायचं. बाई नाही म्हणाल्या नाहीत. ज्याला जिना उतरता येत नाही त्याने हट्ट तरी कुठल्या तोंडाने करायचा? मुलाने दोन जड पिशव्या उचलल्या आणि मायलेक उतरू लागले. बाई माझ्यापाशी पोचल्या आणि बसल्या. माझ्या अंगावरून त्यांनी एकदा हात फिरवला. मित्रांनो, मी लाकूड आहे, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी फार वाईट वाटलं. मग त्या उठायला गेल्या आणि त्यांना उठवेना.

“थांब आई, मी ओढतो,” मुलगा म्हणाला.

तिथेच आमच्या सफाईच्या मावशी जिना पुसत होत्या. त्या आपली बादली माझ्याखाली ढकलत होत्या आणि बादलीचा काठ माझ्या पोटाला अडत होता.

“बाई, तुमचं आणि माझ्या बादलीचं दुखणं एकच दिसतंय,” मावशी म्हणाल्या. “ही बादली रोज या बाकाखाली सरकायची. नवी फरशी झाली तेव्हापासून जात नाही. बादली काही वाढली नाही, बाई. जमीन वर आलीय.”

मुलगा आईचा हात धरून तसाच उभा राहिला. “मावशी, हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?”

“बादलीचं कोणाला सांगायचं? मला कोण विचारतंय?”

मुलाची हाक ऐकून सेक्रेटरी काका टेप घेऊन आले. मोजलं. अठराचे सोळा झाले होते. जमीन दोन इंच वर चढली आणि मी भिंतीत आपला जागच्या जागी. काकांनी कपाळाला हात लावला. “बाई, चूक माझी. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.”

मुलाने मात्र पिशवी उघडली. आतून दोन जाडजूड नकाशांची पुस्तकं काढली आणि एकावर एक माझ्यावर ठेवली. “आई, यावर बसून बघ.”

“नकाशांवर बसू? शोभतं का?”

“आज बस. उद्या त्यांची माफी माग.”

बाई बसल्या. गुडघ्यांवर हात टेकले, पुढे झुकल्या आणि उठल्या. तोंडातून हूं की चूं नाही. क्षणभर त्यांचा विश्वास बसेना. परत बसल्या, परत उठल्या. तिसऱ्यांदा बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

“म्हणजे गुडघे शाबूत आहेत माझे,” त्या म्हणाल्या. मग मुलाकडे बघितलं. “पिशव्या वर घेऊन चल. आणि जाताजाता मावशींनाही वर बोलाव, आज चहा मी करते.”

पुढच्याच आठवड्यात एक सुतार आला. त्याने माझे आधार काढून दोन इंच वर बसवले आणि एका बाजूला धरायला दांडाही लावला. काकांनी मावशींसाठी एक वही केली. जिन्यात काही खटकलं की त्या सांगतात आणि काका स्वतः लिहून घेतात.

मित्रांनो, मी सगळ्यांचाच आभारी आहे. जिन्यात बसून माणसं बघणाऱ्या ताईंचा, उठाबशा काढायला लावणाऱ्या मामांचा, चूक कबूल करणाऱ्या काकांचा, आणि मावशींचा तर सगळ्यात जास्त. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी घरं बांधेल, शाळा बांधेल, दवाखाने बांधेल. दमलेल्या माणसाला बसायला जागा ठेवा, आणि बसलेल्याला उठता येतंय का, तेही बघा. कोणी म्हातारं माणूस हल्ली खाली दिसत नसेल, तर त्याच्या वयाला बोल लावण्याआधी त्याचा जिना एकदा मोजा. आणि तो जिना रोज पुसणाऱ्याला आधी विचारा.

वरून चपलांचा आवाज येतोय. चला, सरका जरा. बाईंना बसू द्या.