सोबत कोण आलंय?

आमच्या आत्याला अख्खी वस्ती 'सरकार' म्हणते. एकदा नाही म्हणाली की नाहीच. त्यात तिच्या पायाच्या अंगठ्याला जखम, अंगात साखर, आणि शहरातल्या सर्जननं स्पष्ट सांगितलेलं की साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. मी वस्तीच्या दवाखान्यात नर्स. जगाला सुया टोचते आणि घरची सरकार मला पट्टी बदलण्यापलीकडे हात लावू देत नाही! डोकं फिरेल नाहीतर काय?

तिचंही अगदीच चुकीचं नव्हतं म्हणा. आम्ही या डोंगरातले मूळचे लोक. मागे कोण कोण साहेब आले, आमचं रक्त घेऊन गेले, पुढे ना पत्ता ना निरोप. या वेळी मधुमेहावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी मात्र आधी बैठकीत विचारलं, "काम कसं करायचं ते मिळून ठरवू." बरं वाटलं. मग बाईंनी दवाखान्याची मागची खोली झाडून घेतली आणि आत रुग्णासाठी एकच खुर्ची मांडली. दार बंद, एका वेळी एक माणूस.

आठवडाभर त्या खुर्चीवर माशीसुद्धा बसली नाही.

"लोक का येत नाहीत हो?" बाईंनी विचारलं.

"कशाला येतील?" मी उसळलेच. "आमच्यात दुखणं एकाचं असलं तरी घर सोबत जातं. आत्या म्हणते, एकटीनं आत जायला मी काय चोरी केली आहे?"

"अहो, पण माणसाची खासगी बाब असते."

"खासगी! आत्याच्या अंगठ्याची खबर पलीकडच्या टेकडीवर पोचली आहे, बाई!"

त्या हसल्या. "मग हे बैठकीत का नाही बोललात?"

आली का पंचाईत! आजारी माणसाला कोणी एकटं बोलावेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, ते सांगणार कुठून?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी सगळी बाकडी व्हरांड्यात ओढली. ज्याला एकांत हवा त्याला खोली होतीच. सकाळीच घरंच्या घरं आली, उपाशीपोटी, गप्पा हाणत. आत्याही आली, पण काठी टेकून खांबापाशीच उभी राहिली. बाईंनी साखर मोजायचं यंत्र पुढे केलं तशी म्हणाली, "आधी तू."

"ठीक आहे. मीही उपाशीच आहे," म्हणत बाईंनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. आकडा पाहिला आणि त्यांचं हसू मावळलं. दुसरं यंत्र घेतलं. तोच आकडा. चांगलाच वाढलेला.

आत्या काठी टेकत खांबापासून पुढे आली.

"तुझ्यासोबत कोण आलंय?" आत्यानं विचारलं.

"कोणी नाही. मी एकटीच राहते."

"एकटी?" आत्या माझ्यावरच खेकसली, "अगं, बघत काय बसलीस? सरक तिकडे!" आणि बाकड्यावर बाईंना खेटून बसली. बोट पुढे केलं. "घे, माझंही टोच. आता जे काय व्हायचं ते दोघींचं होऊ दे."

मी इतकी वर्षं हातापाया पडले, रडले, भांडले. हे इतकं सोपं होतं? राग आला आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच.

त्यानंतर बाईंची धडगत नव्हती. चहात साखर घेतली की सरकारची काठी टेबलावर आपटे. गोळी त्या चुकवू शकत नव्हत्या, आणि त्यांना धाक घालायचा म्हणून आत्याही चुकवत नव्हती. जखम हळूहळू आक्रसत गेली.

पुढे आम्ही तिघी शहरात गेलो. सर्जननं अंगठा उलटसुलट पाहिला, दाबून पाहिला. "वाचला! कापायची गरज नाही," ते म्हणाले. मग बाईंकडे वळले. "आपण यांच्यासोबत आलात का?"

"हो," बाई म्हणाल्या.

"खोटं बोलते!" आत्या कडाडली. "हिला एकटं कसं सोडायचं? मी हिच्यासोबत आलेय."