हौसरावाचं बारदान

राहू गावच्या सोसायटीचा चेअरमन झाल्यापासून आपल्याला फार कळतं, असं हौसरावाला वाटू लागलं होतं. त्याची चुलतभावजय सोजराबाई मात्र त्याला काडीची किंमत देत नसे. पंचाहत्तर सालच्या शिमग्यात त्यानं पुण्याहून पांढरी पावडर आणून गोदामातल्या बटाट्यांवर मारली. आता कोंब येणार नाहीत, भाव येईतोवर माल खुशाल ठेवा म्हणाला.

"आन् खाणाऱ्याच्या पोटात जाईल त्याचं काय?" सोजराबाईनं चारचौघांत विचारलं.

"धुतलं की जातंय, वहिनी."

"मग आधी तुमीच खावा धुऊन, भावजी!"

माणसं खो खो हसली. सोजराबाईनं आपलं दोन एकरांचं बियाणं घरीच, पडवीत वाळूवर पसरलं. आषाढातली सगळी लागण त्या बियाण्यावर होती.

वैशाखात पडवीत उंदीर झाले. बियाणं पोत्यांत भरून माच्यावर चढवणं भाग होतं. तेवढ्यात हौसरावानं, व्यापाऱ्याला पावडर दिसू नये म्हणून, सगळा माल नव्या पोत्यांत भरून पुण्याला धाडला. लबाड मेला! रिकाम्या पोत्यांचं जुनं बारदान गोदामाबाहेर टाकलेलं होतं. फुकटचं म्हणून सोजराबाईनं ते उचलून आणलं, दगडावर आपटून आपटून झटकलं. ओल्या पोत्यात बटाटा सडतो आणि उंदरांपायी वाळवत बसायला सवड नव्हती, म्हणून धुतलं नाही.

आषाढ लागला आणि हौसराव तिच्या दारात आला. शहाण्यानं स्वतःच्या बियाण्यावरसुद्धा पावडर मारून घेतली होती. एकाही बटाट्याला कोंब नव्हता.

सोजराबाईला गुदगुल्या झाल्या. तिनं त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

"चेअरमनला आमच्यासारख्या अडाण्याचं बियाणं चालंल का?"

"चालंल, वहिनी. चार पोती द्या."

"बघा तरी, बियाणं कसं असतंय!" म्हणत तिनं माच्यावरचं पोतं खाली ओढलं आणि त्याच्यासमोरच सुतळी सोडली. आत बटाटे गुळगुळीत होते. तिनं हात खोल घातला, खालचे वर काढले. दुसरं पोतं सोडलं, तिसरं सोडलं. कुठंच कोंब नव्हता.

हौसराव वाकून पोत्याकडं बघत राहिला. हसला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"वहिनी, हे तर आमच्या गोदामाचं बारदान," तो हळूच म्हणाला.

त्याला ज्या ज्या शिव्या तिनं आजवर घातल्या होत्या, त्या सगळ्या तिनं मनातल्या मनात स्वतःला घातल्या. मग खाली बघतच विचारलं, "भावजी, बियाणं आता कुठं मिळंल?"