वीसपैकी सात

टण्ण! चमचा वाटीत पडला आणि घरातली शांतता मोडली. तीन घासांत नवऱ्याचं जेवण आटोपलं होतं. कॅन्सरमुळे पोटाचा मोठा भाग काढून अजून महिनाही झाला नव्हता.

"अर्ध्या पोटाचा नवरा," तो म्हणाला. "स्वयंपाकाचा त्रास वाचला की नाही तुझा?"

सासूबाई हसल्या. दोन दिवस त्या हसतच होत्या, कारण रिपोर्ट चांगला आला होता. नऊ गाठी तपासल्या, नऊच्या नऊ स्वच्छ.

मला मात्र हसू येईना. त्याच प्रयोगशाळेत मी काम करते. काढलेल्या पोटाभोवतीच्या चरबीत बोटांनी चाचपत लसग्रंथी, म्हणजे कॅन्सर आधी जिथे पसरतो त्या गाठी, शोधायच्या, हे माझं रोजचं काम. तांदळातले खडे शोधावेत तसं. काही मसुरीएवढ्या, काही त्याहून बारीक. निदान सोळा सापडल्याशिवाय हात थांबवायचा नाही, हा आमचा दंडक. कमी गाठी शोधल्या तर आजारही कमीच दिसतो.

नवऱ्याचं म्हणून ते काम मला दिलं नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या काकांनी केलं होतं. मला हे शिकवलं ते त्यांनीच.

"काका, नऊच?" कामावर पोचताच मी विचारलं.

ते हातमोजे ओढून काढत राहिले. "सगळ्या मऊ लागत होत्या गं पोरी. वाटलं, पुरे आता. पुढे हातच जाईना माझा."

मी पुन्हा शोधते म्हटल्यावर प्रयोगशाळेच्या मॅडमनी हो म्हणायला बराच वेळ घेतला. मग मी काढलेल्या भागाचा डबा उघडला. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत होते, ते बरंच झालं. दुपारपर्यंत आणखी अकरा सापडल्या. त्यातल्या काही बोटाला कडक लागल्या, तेव्हाच मला कळलं. काका शेजारी उभे राहून एकेक डबीत ठेवत होते.

नवा रिपोर्ट आला. वीसपैकी सात गाठींत आजार. तिसरा टप्पा. औषधं बदलावी लागतील, लगेच सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या पाच वर्षांचंही काही सांगायला लागले, आणि वाक्य अर्ध्यात सोडून त्यांनी पेनाला टोपण लावलं. पाच वर्षांनी आमची मुलगी ठकी अकराची होईल.

घरी नवऱ्याने कागद वाचला. "वीसपैकी सात म्हणजे पस्तीस टक्के. काठावर पास की गं!"

कुणी हसलं नाही. तोही नाही.

"नऊवर भागलं होतं," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "कशाला उकरायला गेलीस?"

"आई, तिला काही बोलू नकोस," एवढं म्हणून तो कूस बदलून पडून राहिला.

मी भांडी घासायला घेतली. नळ सोडला की बाहेर काही ऐकू जात नाही. तेवढ्यात ठकी ओट्याशी आली. माझा ओला हात धरून एकेक बोट उलटसुलट बघू लागली.

"आई, याच बोटांनी गाठी शोधल्यास?"

"हो."

"सगळ्या? आता बाबाच्या पोटात एकही राहिली नाही ना?"