तोंड माझं, हात कुणाचा?

मी बाहुला बोलतोय. म्हणजे मीच बोलतोय की माझ्या आत कुणाचा हात आहे, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. तोंड माझं, जीभ माझी, शब्द मात्र ज्याचा हात त्याचे. त्यामुळे माझं मत काय, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. ज्यांना बोलायला अडचण येते त्यांच्यावर उपचार करणाऱ्या एका बाईंनी परदेशातून आणलेलं पुस्तक त्याच्यापुढे उघडलं आणि चित्रावर बोट ठेवलं. "असा हवा. तोंड उघडलं पाहिजे आणि आत जीभ हलली पाहिजे."

"बाई, जन्मात कुणाची जीभ शिवली नाही," शिंपी म्हणाला, "पण बघतो."

त्याने उरलेल्या पँटच्या कापडाचं अंग केलं, पांढऱ्या रेक्झिनचे दात लावले आणि लाल कापडाची जीभ शिवली. ती चांगली वीतभर झाली. बाई वैतागल्या, पण पहिलंच पोर मला बघून खदखदून हसलं, म्हणून जीभ तशीच राहिली. चित्र तिकडचं, कापड इकडचं. तेव्हा मी मूळचा कुठला, ते विचारू नका.

बाईंची खोली औषधांच्या दुकानाच्या वर होती. एक आरसा, एक टेबल, बुटक्या खुर्च्या. जीभ दातांमागे कुठे टेकवायची ते मी दाखवायचो. बाईंचा नियम एकच होता. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. समोरचा कितीही अडखळला तरी त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. "कुणाच्या तोंडचा घास काढू नये, तसा शब्दही काढू नये," असं त्या म्हणायच्या.

आणि अवघड बोलणं असलं की त्या मला हातात घालायच्या. मुलं नसतानासुद्धा! भाडं वाढवायला आलेल्या घरमालकाशी मीच बोललो आहे.

एक दिवस एक गृहस्थ आले. भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज म्हणे बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डोक्यात शब्द होते, पण जिभेवर येत नव्हते. कधी 'नाही' म्हणायला जायचे आणि 'हो' निघायचं. त्यांना धरून आणणारी मुलगी मात्र एवढी बडबडी की वडिलांनीच तिचं नाव टकळी ठेवलेलं. ती वडिलांसोबत येता येता तिथेच रमली, बाईंच्या हाताखाली काम करू लागली आणि हेच शिकायचं म्हणून हट्टाला पेटली.

मग गोंधळ सुरू झाला. टकळीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक इथल्याच कॉलेजात, एक परदेशात, तोही शिष्यवृत्तीसकट. आठवड्यात काय ते कळवायचं होतं.

बाईंनी मला हातात घातलं. मी म्हणालो, "इथेच शीक गं. तिकडे सगळं परक्या भाषेत. आपल्या माणसाचं अडखळणं आपल्याच भाषेत कळतं."

टकळीने मला ओढून घेतलं. लगेच मी म्हणालो, "बाई, तुम्ही नाही का गेलात? तिकडची यंत्रं, तिकडची मोठी हॉस्पिटलं मी कधी बघायची?"

मग पुन्हा बाई, पुन्हा टकळी. मी दोघींच्याही बाजूने तावातावाने भांडलो आणि खरं सांगतो, दोन्ही वेळा मला माझंच पटलं.

वडिलांच्या सरावासाठी टकळी मला घरी न्यायची. तिथे तर आणखीच घोळ. आई म्हणायची, "त्यांच्या डोळ्यांत दिसतंय मला. पोरीला लांब पाठवू नका म्हणतायत." वडील मान हलवायचे. मामा येऊन म्हणायचा, "भावोजींच्या मनात तू जावंस असंच आहे. हो ना, भावोजी?" वडील पुन्हा मान हलवायचे.

मला गलबलून आलं. मला वाटायचं, दुसऱ्याचे शब्द तोंडात घेऊन जगणारा मी एकटाच. इथे तर एक जिवंत माणूस तसाच बसला होता.

कळवायच्या आदल्या संध्याकाळी टकळी वडिलांसमोर बसली. "बाबा, मी जाऊ की राहू?"

"अगं, त्यांना म्हणायचंय..." आईने सुरुवात केली.

"आई, थांब. त्यांना बोलू दे."

मग सगळे थांबले. वडिलांचे ओठ हलले. कपाळावर घाम आला. आईने पदराचं टोक घट्ट धरलं, पण बोलली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"तू," वडील म्हणाले. "तू... सांग."

टकळीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. इतके दिवस ती बाईंचं, मामाचं, आईचं, माझंसुद्धा ऐकत होती. तिचं काय ते तिला कुणी विचारलंच नव्हतं. "मला..." ती म्हणाली आणि अडली. आई मदतीला धावणार, तोच वडिलांनी डावा हात वर करून तिला गप्प केलं.

शेवटी टकळी रडतच म्हणाली, "मला जायचंय, बाबा. पण तुम्ही परत बोलायला लागलात आणि मी ऐकायला नसले तर?"

वडील खूप झगडले. मग म्हणाले, "फोन... कर."

आई आधी हसली, मग रडली. टकळी गेली.

ते चूक की बरोबर, मला अजून कळत नाही. तिकडे वर्गात तीच शब्द शोधत अडखळते आणि तिच्याकडे उपचारासाठी येणारे एक आजोबा तिच्यासाठी थांबतात, असं ती सांगते. बाई मात्र अजून म्हणतात, इथेच राहायला हवं होतं. त्यांच्या हातात असलो की मलाही तसंच वाटतं.

पण हल्ली मी बाईंकडे कमीच असतो. माझं अंग विरलंय, दोन दात पडलेत. टकळीच्या वडिलांच्या डाव्या हातात मी असतो आणि रविवारी फोन येतो. टकळी विचारते, "बाबा, कसे आहात?" आणि मग दोन्हीकडे शांतता पसरते. आईला वाटतं, लाइन कटली. ती फोन हलवायला जाते.

एवढीच माझी विनंती आहे. आज माझ्या आत हात टकळीच्या वडिलांचा असला तरी हे मीच म्हणतोय असं समजा. फोनवर कुणी गप्प झालं, तर लगेच 'हॅलो, हॅलो' करू नका. माणूस तिथेच असतो. शब्द येतोय.