एक अक्षरही कापायचं नाही

नवऱ्याने आईच्या सत्काराच्या व्हिडिओची फाइल पुन्हा एकदा ओढून ताईला पाठवायच्या ड्राइव्हवर सोडली आणि संगणकाने ती पुन्हा तोंडावर मारली. फाइल फार मोठी आहे.

“माझं भाषण लांबलं म्हणतोय का हा?” पलंगावर बसलेल्या सासूबाईंनी नाकाच्या शेंड्यावरच्या चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. “मी कुणाला काही बोलत नाही, पण या मेल्याला अक्कल कमी दिसते.”

“तसं नाही, आई. ड्राइव्हची मांडणी जुनी आहे, फॅट थर्टीटू. जागा भरपूर आहे, पण चार जीबीच्या वरची एक फाइल घेत नाही.”

“म्हणजे घर ऐसपैस आणि दार बुटकं.”

“अगदी तसंच!”

सून टॉवेलाची घडी घालत होती. घातलेली मोडत होती, पुन्हा घालत होती.

“मग शेवटचं कापा ना,” ती म्हणाली. “भाषणानंतरच्या रिकाम्या खुर्च्या कोण बघणार आहे?”

“मी बघीन. रिकाम्या का होईनात, माझ्या सत्तरीसाठीच मांडल्या होत्या. एक अक्षरही कापायचं नाही.”

सुनेच्या हातातली घडी पुन्हा मोडली. सत्काराच्या दिवशी पाहुणे पांगले, सासूबाई गाडीत जाऊन बसल्या, आणि खुर्च्या उचलणाऱ्या मुलींनी हिला नुसतं “तुमच्या सासूबाई भारी बोलतात हं” म्हटलं. तेवढं पुरलं. हिने माइक उचलला. सगळं करून झाल्यावर कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसला, तोवर नवऱ्याने येऊन कार्ड खिशात घातलंसुद्धा.

“मांडणी बदलायची तर सगळं पुसावं लागतं,” ती म्हणाली. “मुलांचे फोटो आहेत त्यावर.”

“नवी मांडणी, एनटीएफएस, करायची तर नाही पुसावं लागत.” नवरा खुलला, बायकोने या विषयात रस घेतला असं लग्नापासून घडलं नव्हतं. “एक आज्ञा द्यायची, आतलं सामान जागच्या जागी राहतं.”

“तुमच्या ताईंचा लॅपटॉप वेगळा. त्याला एनटीएफएसवर लिहिता येत नाही.”

“वाचता येतं ना? आईच्या भाषणात ताई काय लिहिणार आहे?”

“मध्येच वीज गेली तर?”

“म्हणून आधी सगळं इकडे उतरवून घेतलंय. बघ!”

असा हुशार नवरा वैऱ्यालाही मिळू नये. त्याने आज्ञा दिली, काळ्या पडद्यावर अक्षरं धावली, आणि या वेळी फाइल मुकाट आत गेली.

“शेवटपर्यंत पोचलं का, दाखव,” सासूबाई म्हणाल्या.

त्याने शेवट लावला. रिकामा हॉल. मधोमध सून, नवऱ्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक भुवई चढलेली. “मी कुणाला काही बोलत नाही, पण आजकालच्या खुर्च्यांना वळण म्हणून नाही! कुणीही येतो आणि बसतो!” पडद्याबाहेर मुली खो खो हसल्या, कुणीतरी खुर्ची बडवली.

नवऱ्याचा हात माउसकडे धावला.

“आई, मी हे कापतो. एवढं गेलं तर जुन्या मांडणीतसुद्धा बसलं असतं.”

“हात काढ.”

सासूबाई बघत राहिल्या. मग एका बोटाने त्यांनी स्वतःचा चष्मा नाकावर नीट वर सरकवला.

“मी कुणाला काही बोलत नाही, पण…” म्हणाल्या आणि तिथेच अडल्या.

सुनेने टॉवेल खाली ठेवला.

“किती जणी हसल्या गं?”

“चार-पाच. खुर्च्या उचलणाऱ्या.”

“माझ्यासमोर अख्खा हॉल होता. खोकल्याशिवाय कुणाचा आवाज आला नाही.”

नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“तू थांब. खुर्च्यांपासून पुन्हा लाव.”

आणि त्या पलंगावर भिंतीच्या बाजूला सरकल्या, एका माणसापुरती जागा होईल एवढ्या.